विष्णुपंतांचा मुलामा

आमचे शेजारी विष्णुपंत यांच्या हाती लोखंडाची वस्तू पडली, की ती तांबडी होऊनच परत यायची. दापोडीच्या आमच्या चाळीत कडी, कात्री, चिमटा, काही म्हणून सुटलं नव्हतं. त्यांच्या खोलीत चिनीमातीच्या बरण्या असत आणि बरण्यांत मोरचुदाचं निळं पाणी; त्यात बुडवलं की लोखंडावर तांबं चढे. "द्या इकडे, आंघोळ घालून आणतो," म्हणत ते वस्तू हातातून काढूनच घेत.

चाळीचे मालक सखारामभाऊ गावातले जुने शेतकरी. त्यांच्या गोठ्याची किल्ली पंतांनी आधी तेजाबात स्वच्छ केली, मग बुडवली. दुसऱ्या दिवशी भाऊ दारात उभे. "पंत, किल्ली नटली झ्याक, पन कुलूप तिला वळखंना." तेजाबानं किल्लीचे दाते खाल्ले होते. पंतांनी ती उन्हात धरून पाहिली आणि रंग मात्र छान बसलाय, म्हणाले. कुलूप शेवटी फोडावं लागलं.

पुढे त्यांनी चांदीचा मुलामा सुरू केला. त्या पाण्यानं त्यांची बोटं काळी पडली, ती काही केल्या धुऊन निघेनात. वर्कशॉपात ते कारकून होते. तिथे त्यांच्या डब्यातलं कुणी खाईना. चाळीतल्या बायका त्यांना पाहून भांडी आत घेऊ लागल्या. तेजाबाचा वास भिंतीपलीकडून येऊन आमचा घसा धरायचा. एका रविवारी मी भांडायलाच गेलो.

पंतांच्या पत्नी राधाकाकू खाटेवर टेकून बसल्या होत्या. त्यांना हृदयाचं दुखणं आहे एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पाय मी तेव्हा पाहिले, भाकरीसारखे फुगलेले. जोडवी रुतून बोटं निळी पडली, म्हणून डॉक्टरांनी ती कापून काढली होती. मोकळ्या बोटांकडे बघून काकूंनी अन्न टाकलं. तेव्हा पंतांनी ती कापलेली चांदी तेजाबात विरघळवली, तांब्याची तार बोटाएवढी वळवली आणि तिच्यावर त्याच चांदीचा मुलामा चढवला. सूज वाढली की नवी, जरा सैल जोडी. दर वेळी सोनार कुठे गाठायचा, असं पंत म्हणाले. काकूंनी हसून पाय पदराखाली घेतले. मी न भांडता परत आलो.

उन्हाळा सरता सरता सूज उतरली, पण काकूही उतरत गेल्या. पायांच्या नुसत्या काड्या राहिल्या. जोडवी गळून पडू नयेत म्हणून पंत रोज तार आवळून बसवत.

काकू गेल्या त्या सकाळी चाळीतल्या बायकांनी त्यांचा मळवट भरला. साताऱ्याहून काकूंचे भाऊ आले होते. उचलण्याआधी, रीतीप्रमाणे, त्यांनी गळ्यातलं काढून घेतलं आणि जोडवी काढायला ते पायांशी वाकले.

"ती राहू द्या," पंत म्हणाले. "चांदी नाही ती. तांबं आहे."

काकूंचे भाऊ मागे सरकले. पंत जमिनीवर बसले आणि एकेका बोटाभोवती तार नीट दाबत राहिले. खांदेकरी थांबून होते. त्यांना घाई करायला कुणी सांगितलं नाही.