स्पीकरची जोडी आणि बाबांचा उजवा कान

जुनी वस्तू विकावी तर धम्मदीपनंच! हे वाक्य माझंच आहे, पण म्हणून ते खोटं ठरत नाही. आमच्या व्यायामाच्या सायकलवर वर्षानुवर्षं फक्त ओले टॉवेल बसले. ती मी एका हौशी माणसाला विकली. फरफर करणारा कूलर मी ऐन थंडीत विकला! त्यामुळे गेल्या महिन्यात बाबा म्हणाले, "ते स्पीकर काढून टाक रे आता," तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "बाबा, या रविवारी गिऱ्हाईक दारात उभं करतो!"

स्पीकर म्हणजे पुस्तकांच्या कपाटात मावतील असे दोन छोटे लाकडी खोके. पुढे तपकिरी जाळी, वर आईनं विणलेले क्रोशाचे रुमाल. बाबा नागपूरहून पाटबंधारे खात्यात बदली होऊन पुण्याला आले, तेव्हा माझ्या जन्माआधी त्यांनी ते हौसेनं घेतले. दर रविवारी सकाळी भीमगीतं, नंतर सतार, आणि मग जेवण. पुढे मी दहावीत गेलो. दहावी म्हणजे घरात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. केबल तुटली, पत्ते लपवले गेले आणि स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर असा सगळा संसार माळ्यावर गेला. दहावी संपली, बारावी संपली, माझं लग्नही झालं. माळ्यावरचं मात्र माळ्यावरच राहिलं.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी तो सगळा संसार खाली उतरवला, पुसला, जोडला, दोन-चार रविवार ऐकला आणि एके दिवशी गपचूप बंद केला. त्याच संध्याकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, "माझा उजवा कान गेला."

"डॉक्टरकडे चला," आई म्हणाली.

"डॉक्टर काय नवा कान बसवणार आहे?"

विषय संपला! तेव्हापासून बाबा फोन डाव्या कानाला लावतात. आई काही सांगायचं झालं की सोफ्याला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला जाते. रात्री ते नेमके डाव्या कुशीवर झोपतात, म्हणजे डावा कान उशीत. तिथं आईचा नाइलाज होतो.

तर मी अ‍ॅपवर जाहिरात टाकली. "सुसंस्कृत घरातील देखणी जोडी. एकाच हाताने वापरलेली. आवाज खणखणीत."

"ही स्पीकरची जाहिरात आहे की स्थळाची?" माझी बायको चैताली म्हणाली.

"तुला मार्केटिंग कळत नाही!"

रविवारी सकाळी सौरभ नावाचा मुलगा आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर हजर झाला. हिंजवडीत नोकरी, गळ्यात हेडफोन, हातात स्पीकर गुंडाळायला आणलेली चादर. खाली रिक्षासुद्धा थांबवून ठेवली होती! बाबा त्याला म्हणाले, "न्या, सांभाळून वापरा," आणि बाल्कनीत जाऊन पाठमोरे बसले. मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष गिऱ्हाइकाकडे!

"दादा, एकदा ऐकू या ना? प्लीज."

"अरे, ऐक की!" मी बाबांची आवडती सतार-तबल्याच्या जुगलबंदीची रेकॉर्ड लावली. डाव्या स्पीकरमधून सुरेख सतार आली. सौरभनं डोळे मिटले. मग एक उघडला.

"उजवा बंद आहे."

"छे! तो जरा मितभाषी आहे."

मी वायर हलवली. खोक्याला थाप मारली. रुमाल काढून फुंकर मारली. उजवीकडे स्मशानशांतता! 'आवाज खणखणीत' हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं!

"आवाज वाढवून बघू," असं म्हणत मी बटण पार टोकापर्यंत फिरवलं आणि उजव्या स्पीकरला कान चिकटवून गुडघ्यांवर बसलो. डावीकडून सतार अशी गरजायला लागली की समोरच्या इमारतीतली कबुतरं उडाली. उजवीकडे तरीही काही नाही. चैताली कानात बोटं घालून काहीतरी म्हणत होती. बहुतेक मार्केटिंगबद्दलच.

तेवढ्यात दार ढकलून खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई आत आल्या. सुशीलाबाईंच्या स्वतःच्या दारावर पाच पाट्या आहेत. बेल एकदाच वाजवावी, चपला सरळ ठेवाव्यात, वगैरे. दुसऱ्यांच्या पाट्या मात्र त्या वाचत नाहीत.

"कोणाची वरात निघाली आहे का? आधी सांगितलं असतं तर आहेर घेऊन आले असते!"

"बंद करतो, बंद करतो!" मी ओरडलो, पण कान काही स्पीकरवरून काढला नाही.

"तुम्ही कसले करताय! मीच करते. बटण कुठलंय?"

अँप्लिफायरच्या एका बटणावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती आणि तिच्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हात लावू नये.' आमच्या घरात कोणीही त्याला कधी हात लावलेला नव्हता. सुशीलाबाईंनी पट्टी टर्रकन ओढली आणि बटण खाडकन उजवीकडे फिरवलं.

धाऽऽऽ!

माझ्या कानात तबला फुटला! मी उडालो तो थेट सौरभच्या चादरीत. सतार गप्प झाली आणि ज्या स्पीकरला मी मघापासून मेलेला समजत होतो, त्यातून तबला धो धो वाजायला लागला. सुशीलाबाई "अगं बाई!" म्हणत सोफ्यावर बसल्या. चैतालीनं धावत जाऊन आवाज कमी केला.

आणि बाल्कनीतून बाबा धावत आले! पंच्याहत्तरीचा माणूस, एका पायात चप्पल!

"तबला! मला तबला ऐकू येतोय! माझा कान आला!"

सौरभनं पुढे होऊन ते बटण अलगद मधोमध आणलं. आता डावीकडून सतार, उजवीकडून तबला आणि मध्ये डोळे पाण्यानं भरलेले बाबा.

मग सौरभ हळूच म्हणाला, "काका, हे बॅलन्सचं बटण आहे. हे पूर्ण डावीकडे होतं, म्हणून उजवा स्पीकर गप्प होता. तुमच्या कानाला काही नाही झालं."

"म्हणजे तबला ऐकू येईना म्हणून मी समजलो..."

"खुर्ची उलटी फिरवून बघायची ना, बाबा! सतार उजव्या कानाला आली असती!" मी म्हणालो.

"सुचलं नाही," बाबा म्हणाले. "या वयात काही बंद पडलं की आधी आपलंच पडलं असं वाटतं."

"पण ते डावीकडे फिरवलं कोणी?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "यांनीच," ती म्हणाली. "तू तान्हा होतास. दीड खोलीचं क्वार्टर. तुझा पाळणा नेमका त्या उजव्या स्पीकरखाली. तबल्याची थाप पडली की दचकून उठायचास आणि घर डोक्यावर घ्यायचास. मग यांनी सगळा आवाज डावीकडे घेतला. आल्यागेल्यानं फिरवू नये म्हणून वर पट्टी चिकटवली."

"मग पाळणा गेल्यावर?"

"तिथं तुझं अंथरूण आलं. मग तुझं अभ्यासाचं टेबल आलं. मग तुझी दहावी आली."

मी बाबांकडे पाहिलं. ते रेकॉर्डचं कव्हर पुसत होते. "मी विसरूनच गेलो होतो रे," ते म्हणाले, जणू छत्री कुठे ठेवली ते विसरले होते!

तुम्हाला खरं सांगतो. माझी झोप मोडू नये म्हणून या माणसानं इतकी वर्षं आपलं आवडतं गाणं अर्धंच ऐकलं, आणि ते कधी बोलूनही दाखवलं नाही. आणि मी ते 'एकाच हाताने वापरलेली' असं लिहून विकायला निघालो होतो!

"सौरभ," मी म्हणालो, "सॉरी, पण हे मी आता..."

"शब्द दिलाय त्याला," बाबा मध्येच म्हणाले. "घेऊन जा, बाळा. मी ऐकलं, पोट भरलं."

सौरभनं एकदा स्पीकरकडे पाहिलं, एकदा बाबांकडे, आणि माझ्या अंगाखालची चादर ओढून नीट घडी घातली. "काका, मी दुसरे शोधतो. पण रेकॉर्डची दुसरी बाजू ऐकूनच जाणार हं!"

असे पोरगे असतात अजून! त्याच्या आईवडिलांचं मला मनापासून भलं चिंतावंसं वाटलं. खालची रिक्षा परत पाठवली. आईनं कोथिंबीर भरलेल्या नागपुरी पुडाच्या वड्या तळल्या. सुशीलाबाई तक्रार विसरून दुसरी बाजू संपेपर्यंत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "आवाज एवढाच ठेवलात तर माझी काही हरकत नाही." पुण्यात याला आशीर्वाद म्हणतात. त्यांचेही उपकार मी विसरणार नाही. त्यांनी पाटी वाचली असती तर बाबांचा कान कायमचा गेला असता.

सगळे गेल्यावर बाबा दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, राजासारखे बसले होते. आई आली आणि या वेळी वळसा न घालता सरळ त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. इतकी वर्षं पुण्यात काढली, तरी आई चिडली की तिची वऱ्हाडी बाहेर येते.

"काऊन हो," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मंग तीन वर्षं रात्री मी जे बोलत होती, ते सारं ऐकू येत होतं तुमाले?"

बाबांनी छताकडे पाहिलं. "बोललेलं येत होतं. तबला येत नव्हता. मला वाटलं, अर्धाच गेला असेल."

"मंग अर्धा गेला असं काऊन नाही सांगितलं?"

"अर्ध्याचा उपयोग काय?"

त्या दिवसापासून बाबांचा उजवा कान रीतसर कामावर रुजू झाला आहे. मार्केट यार्डातून भाजी, आईच्या मामेबहिणीच्या नातीचं लग्न, गिरणी, पंख्याची धूळ, सगळं एकदा सांगितलं की ऐकू येतं. रविवारी दोन्ही स्पीकर वाजतात. मी मुद्दाम उजव्या बाजूला बसतो. त्या तबल्याचं मी देणं लागतो.

परवा बाबा दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत होते. वरून आई तिसऱ्या पिशवीबद्दल काहीतरी सांगत होती. बाबा माझ्याजवळ थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजले, "धम्मा, त्या सौरभचा नंबर आहे ना रे अजून? म्हणावं, स्पीकर ने, आणि जमलं तर हा उजवा कानही!"