प्रेतांनी रडू नये

नांदगाव पेठच्या अलीकडे, कापसाच्या एका बंद जिनिंगच्या आवारात, परदेशातला एक नरसंहार घडवून आणण्याची रीतसर परवानगी सिनेमावाल्यांना मिळाली. अटी दोनच: संहार सायंकाळी सहाच्या आत आटोपावा, आणि जागा झाडून परत करावी.

संहाराला माणसं लागतात. आसपासच्या गावांतली मंडळी हसतखेळत मरायला आली. भाजी विकणाऱ्या पार्बताबाईंना मात्र बढती मिळाली. त्यांना 'आक्रोश करणारी वृद्धा' या पदावर नेमलं. देवळात कीर्तन असलं की बाई सर्वांत पुढं, आणि बुवांचा गळा दाटायच्या आधीच यांचा पदर डोळ्याला. असं तयार पाणी मुंबईत कुठं मिळतं?

प्रेतांचा ढीग रचला गेला. सगळ्यांत वर गावचाच किशोर. छातीवर लाल रंग, गालात तंबाखूचा खर्रा. पार्बताबाई त्याच्या उशाशी बसल्या. कॅमेरा सुरू झाला. बाई त्याचं तोंड न्याहाळू लागल्या.

"आजी, रडा ना!" सहायक दिग्दर्शक कुलदीप ओरडला.

"रडीन ना बापा. पण नाव काय याचं?"

"कोणाचं?"

"या मेलेल्याचं."

"आजी, ते प्रेत आहे. त्याला नाव नाही."

"काहून? मेल्यावर तुमी नाव वापस घेता का?" बाई म्हणाल्या. "आमच्यात नाव घेतल्याबिगर रडायचा हेल निघत नाही. आमचे बुवा तर कथेतल्या कावळ्यालेही नाव देतात."

प्रकरण वर गेलं. नियम स्पष्ट होता. ज्याला नाव ते 'पात्र'. पात्राला खुर्ची आणि चहासोबत बिस्किट. ज्याला नाव नाही ती 'गर्दी'. गर्दीला सावली, उपलब्ध असल्यास. हा नियम कुलदीप समजावून सांगत असतानाच ढिगाच्या तळातून आवाज आला, "किशोऱ्याले बिस्किट, अन् मले नाही? म्या काय कमी मेलो?"

दिग्दर्शकसाहेबांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. "हा चित्रपट मानवतेवर आहे," ते म्हणाले. "त्यात सुट्या माणसांना वाव नाही."

साहेब वळले आणि पार्बताबाई वाकल्या. बारशाला आत्या वाकते तशा. किशोरच्या कानाला तोंड लावून त्यांनी जोरात "कुर्रर्र!" केलं आणि नाव ठेवलं: चंदन. बारसं उरकलं, आता रडायला मोकळीक होती.

"चंदन रे माह्या लेकरा! न्याहारी टाकून गेला रे! तुही माय अजून तवा तापवून बसली रे! आता कोणाची चप्पल दारात वाजंन रे..."

ढीग हलू लागला. कोणाची पाठ गदगदली, कोणी नाक ओढलं. खुद्द मयत किशोरच्या डोळ्यांतून पाणी येऊन छातीवरचा रंग ओघळला. त्या घटकेला त्या आवारात खरोखरच कोणीतरी मेलं होतं.

"कट! प्रेतांनी रडू नये!" अशी सूचना भोंग्यावरून पुन्हा पुन्हा देण्यात आली.

खरी अडचण वेगळीच होती. सिनेमात हिरो हा संहार बघायला आलेला छायाचित्रकार होता, आणि पडद्यावर त्याच्यापेक्षा जास्त कोणी रडू नये असं त्याच्या करारातच होतं. बाईंनी कराराचा उघड भंग केला होता. सर्वानुमते त्यांना धूसर करण्यात आलं.

"तुम्ही मागं राहाल, आजी. थोड्या अंधुक दिसाल."

"मले अंधुक करा नाहीतर पुसून टाका. चंदन दिसंन ना? नाव ठेवलं म्हणजे मी त्याची आत्या झाली. त्याले कोणी पाह्यलंच नाही असं नको व्हाले."

"दिसेल, दिसेल," कुलदीप मोबाईलकडे बघत म्हणाला.

सिनेमा अकोल्यात लागला तेव्हा पार्बताबाई शेजारच्या आशाबाईंना घेऊन एसटीने गेल्या. टॉकीज भरलेलं. हिरो ढिगासमोर गुडघ्यावर बसला, सारंग्या वाजू लागल्या, त्याच्या गालावरून एक थेंब निघाला आणि हनुवटीपर्यंत पोचायला त्याने बराच वेळ घेतला. अख्खं टॉकीज हुंदके देत होतं. पार्बताबाईंचा पदर चिंब.

दिवे लागले तशा आशाबाई म्हणाल्या, "लय हाल झाले वं बिचाऱ्याचे."

"कोणाचे?"

"हिरोचे. अन् तुमचा चंदन कवा येऊन गेला?"

पार्बताबाईंचा चेहरा उतरला. "म्याही नाही पाह्यला, माय. त्या थेंबातच गुतली होती."

त्या दारावरच्या माणसाकडे गेल्या. "भाऊ, अंदर माहा भाचा राह्यला."

"कोणत्या सीटवर?"

"पडद्यावर. ढिगात."

"मग दुसरं तिकीट काढा."

बाईंनी तिकीट काढलं. पुढचा खेळ सुरू झाला. हिरो गुडघ्यावर आला तशा त्या उभ्या राहिल्या आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "तिकडं पाहा हो, मागं! सगळ्यांत वरचा! चंदन हाय त्याचं नाव!"

"ओ बाई, खाली बसा! हिरो दिसून नाही राह्यला!"

ओरडणारा माणूस काही दुष्ट नव्हता. आपल्यासारखाच सहृदय होता. त्याने रुमाल आधीच काढून ठेवला होता.