तीन नंबरचा माग

शुक्रवार, ४ एप्रिल, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. डॉ. व्यंकटेश येमूल यांनी माझ्या दाराची घंटा तीन वेळा, पूर्ण दाबून वाजवली.

यात नवल ते काय, असे वाचकांना वाटेल. डॉक्टर गेली चार वर्षे माझे शेजारी आहेत. एवढ्या काळात त्यांनी ही घंटा एका वेळी एकदाच, आणि तीही अर्धवट दाबली आहे. 'टिं' एवढाच आवाज होतो. मग ते पायरीवर स्वस्थ उभे राहतात. एकदा मी मुद्दाम पाऊण तास दार उघडले नाही. उघडले तेव्हा ते उभेच होते.

"साहेब, मोठ्यानं वाजवली तर तुम्ही कान मिटाल," ते म्हणाले. "हळू वाजवली की कान वाढतात. आता 'टिं'सुद्धा ऐकू येतंय की नाही?"

येते. तेच दुर्दैव आहे.

'कान वाढतात' आणि 'कान मिटतात' या दोन वाक्यांवर या गृहस्थाने आयुष्य काढले. बंगळुरूच्या एका संस्थेत तीस वर्षे त्यांनी चेतापेशींवर संशोधन केले. मला जेवढे समजले ते असे. एक पेशी दुसरीशी बोलते. ऐकणारीच्या अंगावर तो निरोप टिपणारे ग्राही असतात. डॉक्टर त्यांनाच कान म्हणतात. बोलणारी बराच काळ गप्प राहिली, तर ऐकणारी कानांची संख्या वाढवते. बोलणारीने अखंड बडबड लावली, तर ऐकणारी काही कान आत ओढून घेते. हे कान कोण मोजते, कोण वाढवते आणि पुरे कोण म्हणते, हा त्यांचा प्रश्न. पेशींचे जे खरे, ते माणसांचेही खरे असे कोणी सिद्ध केलेले नाही. हे डॉक्टर स्वतःच बजावून सांगतात, आणि लगेच माणसांकडे वळतात.

आमच्या सोसायटीत नळाला काही दिवसांआड पाणी येते. पाण्याआधी नळातून हवेचा बारीक सुस्कारा निघतो, आणि तो ऐकून तिसऱ्या मजल्यावरची माणसे भांडी घेऊन धावतात. डॉक्टरांना हे दृश्य फार प्रिय. "बघा, बघा साहेब! पाणी रोज आलं असतं तर हे कान फुटले असते का?" पाण्यावाचून बसलेल्या बायकांसमोर त्यांनी एकदा हेच उत्साहाने समजावले. त्या महिन्यात त्यांना कोणी उसनी बादली दिली नाही.

रिक्षावाल्यांनीही त्यांना सोडले आहे. ते वाटेत हॉर्न वाजवू देत नाहीत.

माझी पत्नी गेल्यानंतर काही महिन्यांनी मी एकदा सहज म्हणालो, की भिंतीवरचे घड्याळ हल्ली फार मोठ्याने वाजते. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलेही नाही. माझ्याकडे पाहिले. "घड्याळ तेवढंच वाजतंय, साहेब," ते हळूच म्हणाले. मी त्यांना सांगितले की घड्याळ दुरुस्तीस द्यायचे आहे. ते अजून दिलेले नाही.

आता त्या सकाळकडे येतो.

डॉक्टरांचे थोरले बंधू नरसय्या, त्यांना सगळे अन्ना म्हणतात. त्यांचा सहा मागांचा लहानसा कारखाना होता. त्या मागांवरच्या टॉवेलांतून धाकट्याचे शिक्षण झाले. गेल्या दिवाळीनंतर कारखाना बंद झाला, माग निरनिराळ्या लोकांनी नेले आणि अन्ना धाकट्याकडे राहायला आले. दोघांनाही संसार नाही. अन्नांचा झाला नाही, आणि डॉक्टरांचा, त्यांच्याच शब्दांत, राहून गेला. पन्नास वर्षांच्या खटखटीने अन्नांचे कान जवळजवळ निकामी झाले आहेत. इकडे आल्यापासून ते अर्ध्या भाकरीवर ताट सारू लागले.

डॉक्टरांनी निदान केले. पन्नास वर्षांचा आवाज एका दिवसात तोडला, हा गुन्हा झाला. काचेच्या बशीतल्या पेशींशीही कोणी असे वागत नाही. कानांनी नव्हे तरी तळव्यांनी अन्ना माग ऐकत होते. तेव्हा तो आवाज पुन्हा द्यायचा आणि हळूहळू कमी करायचा. रोज दुपारी ते अन्नांच्या बाजेच्या फळीवर स्पीकर ठेवून मागाची ध्वनिफीत लावू लागले. अन्ना फळीवर तळवा टेकत, डोळे मिटत आणि एकच शब्द म्हणत, "कादु." तेलुगूत म्हणजे, हा नव्हे. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुसरा माग टिपून आणीत.

दुपारच्या झोपेत माग चालू लागल्यावर सोसायटीतील पाच जणांनी तक्रार केली. मी सचिव आहे. हे पद अकरा वर्षे माझ्याकडे आहे, कारण दुसरे कोणी घेत नाही. मी न्यायालयात अधीक्षक होतो. तक्रार आली की नोटीस काढायची, एवढेच मला येते. ४ एप्रिलच्या सायंकाळी पाचनंतर आवाज कायमचा बंद, अशी नोटीस मी डॉक्टरांना दिली होती.

"सापडला!" दार उघडताच डॉक्टर म्हणाले. "अन्नाचा तीन नंबरचा माग. एमआयडीसीत आहे. सातला कारखाना सुरू होतो. त्याआधी तो एकटा चालवून दाखवतो म्हणाला जॉबर. तुमची स्कूटर पाहिजे."

"तुम्हाला चालवता येत नाही."

"म्हणून तुम्हीपण पाहिजे की."

"आजची मुदत..."

"साहेब, माणूस जेवत नाहीये."

मी चपला घातल्या.

अक्कलकोट रोडपर्यंत मी एकदाही हॉर्न वाजवला नाही. दोनदा जीव वाचला. कामगार सायकलींवरून येत होते आणि मागे बसलेले डॉक्टर रेकॉर्डर पोटाशी धरून वाटेतल्या प्रत्येक कारखान्याची पार्श्वभूमी मला ऐकवत होते. जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल पाहणारा कारागीर, दारातच उभा होता.

"ह्योच त्यो," मागाच्या चौकटीवर थाप मारून तो म्हणाला. "येमूलशेटचा. दर चौथ्या ठोक्याला लंगडतोय बगा. लई दुरुस्त केला, ऐकत न्हाय. मालकासारखाच हाय."

त्याने माग चालू केला. तीन ठोके सरळ पडत होते, चौथा किंचित उशिरा. डॉक्टरांनी रेकॉर्डर पुढे धरला आणि दहा मिनिटे एक शब्दही उच्चारला नाही. चार वर्षांत मी हे प्रथमच पाहत होतो.

परतताना मी विचारले, "हा प्रश्न तुम्हाला मुळात सुचला कुठून?"

"घरातनंच," मागून आवाज आला. "आमचं घर मागाच्या वरच होतं. खटखटीत आम्ही गाढ झोपायचो. लाईट गेली, माग थांबला, की मी दचकून उठायचो. आवाजानं सगळे उठतात. मी गप्प झालं की का उठतो? तिथनं सुरू झालं."

दुपारी चार वाजता त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावले. अन्ना बाजेवर बसले होते. बाजूला ताट होते, त्यात अर्धी भाकरी. डॉक्टरांनी स्पीकर फळीवर ठेवला. तीन ठोके, आणि लंगडा चौथा. अन्नांनी तळवा टेकला, डोळे मिटले.

"कादु," अन्ना म्हणाले.

डॉक्टर खचतील अशी माझी अपेक्षा होती. झाले उलटेच. त्यांचा चेहरा उजळला. "बघितलंत? जॉबरनं सुटे भाग बदललेत! आवाज तोच कसा राहील? चार नंबरचा होटगी रोडला गेलाय असं ऐकलंय. उद्या तिकडं!" असे म्हणत ते आरामखुर्चीत बसले, फीत तशीच चालू ठेवली, आणि पाच मिनिटांत त्यांची मान कलंडली. ते घोरू लागले.

पाच वाजले. मुदत संपली होती. मी उठलो आणि स्पीकरच्या बटणाकडे हात नेला.

"बंद नका करू, सायब," अन्ना म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. डॉक्टर हलले नाहीत. "बंद केलं की उटतोय. तवाबी असाच उटायचा. परीक्षेच्या टायमाला मी उगाच रिकामा माग चालवायचो. सूत नसायचं त्येच्यावर. ह्यो झोपावा म्हणून."

मी हात मागे घेतला, आणि ताटाकडे बोट दाखवले.

"ते? वय झालंय की माझं. अर्धी भाकर पुरं व्हती. पर ह्येला वाटतंय अन्ना आजारी हाय. वाटू द्या." ते हसले. "हितं आलो तवा ह्यो रोज भिताडाकडं बघत बसायचा. न्हाई संस्था, न्हाई पोरं शिकायला. कुणी बोलवंना. आता सकाळी उटून हुडकायला तरी जातोय. हाच माग म्हणलं, तर उद्या कुटं जाईल?"

मी फळीकडे पाहिले. त्यांचा तळवा अजून तिथेच टेकलेला होता. चौथ्या ठोक्याला त्यांचे बोट, ठोक्याच्या किंचित आधी, उचलले जात होते.

"हा तीन नंबरचाच ना?" मी तीन बोटे दाखवून विचारले.

"पयल्या ठोक्यालाच वळकला," अन्ना म्हणाले. "माज्याच हातचा हाय." आणि डॉक्टरांकडे पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवले.

घरी येऊन मी तक्रारवही काढली. 'प्रत्यक्ष पाहणी केली. आवाज वैद्यकीय कारणास्तव आवश्यक आहे. मुदत पुढील सूचनेपर्यंत वाढविण्यात येत आहे.' रुग्णाचे नाव लिहायची जागा कोरी ठेवली. खाली सही केली.

घड्याळाची टिकटिक चालू होती. भिंतीपलीकडून खटखट येत होती.

होटगी रोडचा विचार केला. संध्याकाळी साडेसहाला सात रस्ता चौकातल्या पंपावर जाऊन स्कूटरची टाकी भरून आणली.