बटणपक्षाचा उजवा खांदा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, भाद्रपद मासी कसबे सोलापूर येथे बटण आणि हात या दोन पक्षांत जो कज्जा उभा राहिला, आणि चार मास चालोन पौषात निकालास गेला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. पदरचे मीठ घातले नाही. तिखट मूळचेच होते.

आधी लाभाचा अजमास. चाटी गल्लीतील चादरींचे व्यापारी राजमान्य राजश्री अनिलकुमार, उमर त्रेचाळीस, यांस पडद्यावरील खेळात बटणे कायम राहिली असता काय मिळणार होते ते पाहावे. रविवारी तिसरे प्रहरी दोस्त फरहानखान टेंपोवाले यांचे दिवाणावरची उजवीकडील जागा, जी चोवीस वर्षे निर्वेध चालत आली, ती राहणार होती. आणि त्यांचा उजवा खांदा आषाढापासोन आखडला आहे, हात छातीवर चढत नाही, ही गोष्ट कोणास न कळता जिरणार होती. आणि हकिमाने भिंतीवर बोटांनी चढण्याची जी कवाईत कागदावर लिहून दिली, तो कागद गल्ल्याचे तळाशी घडी करोन ठेविला, तो तेथेच राहणार होता. बटणे गेली असता हे सर्व जाणार, आणि जागा राहिली तरी ती बघ्याची राहणार. चोवीस वर्षे खेळणाऱ्यास बघ्याची जागा म्हणजे नवरदेवास वरातीत गॅसबत्ती धरावयास लाविल्याप्रमाणे.

खेळ म्हणावा तर जुनाच. कॉलेजाचे अमदानीत उभयतांनी व्हिडिओगेमचे पार्लरात बसोन जो सर केला, तोच हा: तीन बेटे, सात किल्ले, बहुत किल्ल्या, कोणती किल्ली कोणत्या दरवाजाची हे ध्यानी धरावयाचे, आणि शेवटी दीपस्तंभावर दिवा उचलोन महाद्वार उघडावयाचे. खेळातील शूरास नाव नव्हते. फरहानखान त्यास पैलवान म्हणत. तोच खेळ आता नवा साज लेवून आला. कंट्रोलराचे दोन तुकडे होत: डावा डाव्या मुठीत, त्यावरील काडीने पैलवान चालावा, उजवा उजव्या मुठीत, तो हालवावा तैसी तलवार हालावी. यास मोशन म्हणत. आणि जुन्याची चाड असणारांसाठी दोन्ही तुकडे जोडोन बटणांनी खेळण्याचीही मुभा ठेविली होती.

मग फरहानखान यांणी दिवाणावर उभे राहोन फर्मान काढिले की, आजपासोन खेळ हातानेच होईल, ज्यास हात हालविणे नसेल त्याने चहा पीत पाहावे. आणि वर पुसते जाहले, "अनिलसेठ, अंगठ्यानं कुणी तलवार मारतंय व्हय?"

 अनिलकुमार यांणी मुद्रेवर काही न दाखविता तत्त्वाचा आश्रय केला. ज्याचे अंगी वर्म असते तो तत्त्वास फार लौकर जागतो, हा या मुलुखाचा अनुभव आहे. ते बोलिले, "पातशहा तख्तावर बसून हुकूम देतो, स्वतः भाला घेऊन तटावर चढत नाही. बटण म्हणजे हुकूम, फऱ्या. साहस डोक्यात असतं. हात हलवायचा तर व्यायामशाळा काय वाईट आहे?" आणि हे भाषण ऐसे रंगले की करणारासही ते खरे वाटले.

झीनतबेगम, फरहानखान यांचे कुटुंब, यांस पंच नेमिले. कारण खोली त्यांची होती, आणि खोलीची भिंत तर विशेषच त्यांची होती. श्रावणात तीस मलई रंग दिला होता, आणि तेल लावलेले डोके कोणी तीस टेकू नये ऐसा त्यांचा सक्त हुकूम होता. खुद्द खानही ताठ बसत. बेगम यांणी परीक्षा ठरविली: पहिला किल्ला, एकदा हाताने, एकदा बटणाने.

प्रथम खान चालोन गेले. तलवार ऐसी घुमविली की पडद्यावर दगडी शिपाई जागचा हालला नाही, परंतु खोलीतील ट्यूबलाइट पहिल्याच वारास कामास आली. काचा झाडोन पुन्हा मोहीम मांडिली. मग पैलवान कड्याचे अरुंद वाटेने जात असता खानांचे कानास खाज सुटली, आणि त्यांणी उजव्या हाते कान खाजविला; तो यंत्राने त्यास हल्ल्याचा इशारा समजोन तलवार उपसली, आणि पैलवान हवेवर वार करीत समुद्रात गेला. तीन वेळा ऐसेच जाहले. खानांचा कान हा पहिल्यापासोन कमजोर.

बटणपक्षात आनंदीआनंद जाहला. अनिलकुमार यांणी पाय पोटाशी घेऊन, कोपर कुशीस लावोन, घटका भरण्याआत किल्ला सर केला, आणि मनात म्हणाले की खांदा वाचला. इतकियात बेगम यांणी खेळ मागितला. बटणे हाती घेतली, तो चौदा बटणांत त्या हरवल्या. पैलवान ढाल खाऊ लागला आणि भाकर फेकू लागला. मग हाताचा तुकडा घेतला, आणि स्वयंपाकघरातील डब्याचे झाकण फिरवावे तैसे मनगट फिरविले, तो पहिल्याच झटक्यास कुलूप उघडले.

बेगम बोलिल्या, "अनिलभाई, तुमच्या बटनांचा पाढा तुमा दोघांलाच पाठ. म्या आज पहिल्यांदा खेळले, नि दार उघडलं की." आणि निवाडा दिला की, हाताने खान हरले हे खरे, पण बटणाने बेगम हरल्या हेही खरे, सबब अनिलभाईंनी एक रविवार हाताने खेळोन पाहावे, मग तक्रार करावी.

येथोन बटणपक्षाचा गनिमी कावा सुरू जाहला. एक रविवार माल आला म्हणोन गेला, एक रविवार मंगळवेढ्याचे मामा आले म्हणोन गेला, आणि तिसरे रविवारी वीज गेली म्हणोन कळविले. तेव्हा खानांनी उलट पुसविले की, वीज तुमच्याकडं गेली, आमच्याकडं हाय, मग यायला काय झालं? जागा रिकामी राहू लागली. खान तीवर उशी ठेवीत, आणि कोणी बसू लागल्यास मना करीत, हे अनिलकुमार यांस ठाऊक नव्हते. ते चौथे रविवारी दुपारी घरी पंख्याखाली पडोन, तत्त्वासाठी सोसावे लागते, ऐसे मनास सांगत होते, आणि मन ऐकत नव्हते.

मग दिवाळी आली, आणि दुकानाची झाडलोट निघाली. सौभाग्यवती सोनालीबाई, माहेर मंगळवेढे, जमिनीचा कस नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या, या शिडी लावोन वरल्या फळीवर चढल्या. त्या फळीवर जाडजूड डबल चादरी राहत, ज्या गिऱ्हाइकासमोर एका झटक्यात उघडोन दाखविणे यात अनिलकुमार यांचे घराण्याचे नाव होते. बाईंनी बोट फिरविले, बोटाकडे पाहिले, आणि वरोनच बोलिल्या:

"हितं जवारी पेरली तर कणसं येतील. आषाढापासनं ह्या फळीला हात न्हाय लागला. अहो, उजवा हात वर करा बघू."

अनिलकुमार यांणी हात वर केला.

"त्यो डावा हाय."

मग खलबत बहुत लांबले नाही. गल्ल्याचे तळाचा कागद बाहेर निघाला, बाईंनी तो दोनदा वाचिला, आणि चार मास आपणांस का सांगितले नाही हे पुसले. अनिलकुमार खाली पाहोन बोलिले की, अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, खांदा याच वयात गेला, आणि त्याच दिवाळीस त्यांस दुकानाचे दारातल्या खुर्चीत बसविले; मग ते कधी उठले नाहीत. आणि फऱ्यास कळाले तर तोही बस म्हणेल.  बाईंनी पदराने बोट पुसोन हुकूम केला की, रविवारी जायचं, आणि हातानंच खेळायचं. भिंतीवर चढाया तुमाला लाज वाटती, पर किल्ल्यावर चढाया वाटणार न्हाय.

त्याच सांजे बाईंनी ही खबर झीनतबेगम यांचे कानी घातली, कोणास न सांगण्याच्या शपथेवर. आणि शपथ पुरी होण्यापूर्वी खबर खानांस पोहोचली.

कार्तिकाचे पहिले रविवारी उभय सरदार समोरासमोर आले, तो चमत्कार जाहला. अनिलकुमार तोंड उघडतात, इतकियात खान गंभीरपणे बोलिले की, आपण फार विचार केला, मोशन ही नुसती कटकट आहे, कान खाजवावा तो माणूस समुद्रात जातो, बटणच खरे. "पातशहा तख्तावर बसून हुकूम देतो, अनिलसेठ." हे वाक्य कोठले, हे अनिलकुमार यांणी ओळखिले. त्यांणी प्रत्युत्तर केले की, "अंगठ्यानं कुणी तलवार मारतंय व्हय?" आणि मग दोघेही एकमेकांची वाक्ये एकमेकांवर फेकोन ऐसे झुंजले की, कोण कोणत्या पक्षाचा हे सोनालीबाई आणि झीनतबेगम यांसही कळेना. खान आपला धर्म दोस्ताचे खांद्यासाठी सोडीत होते, आणि खांदेवाले कुटुंबाचे धाकापायी.

"दोघंबी गप बसा," बेगम बोलिल्या, आणि तह घातला. कंट्रोलराचे तुकडे दोन, माणसेही दोन. डावा तुकडा खानांकडे: चालणे, उडी मारणे, किल्ल्यांची याद ठेवणे, हा बटणांचा मुलूख. उजवा तुकडा अनिलभाईंकडे: तलवार आणि दिवा, हा हाताचा मुलूख. पैलवान एक, हुकमती दोन. आणि खेळण्यापूर्वी अनिलभाईंनी भिंतीवर बोटांनी चढावे, जेथवर पोहोचतील तेथे सोनालीबाईंनी पेन्सिलीने रेघ मारावी.

"कोणत्या भिंतीवर?" खान दबकत पुसते जाहले.

"ह्याच," बेगम म्हणाल्या, आणि दुसरीकडे पाहिले.

पहिली रेघ विजेचे बटणांपाशी पडली. त्या दिवशी दगडी शिपाई पुन्हा आडवा आला, ज्याने खानांचे तीनशे वार खाल्ले होते. अनिलकुमार यांस खांदा उचलवेना, म्हणोन त्यांणी गिऱ्हाइकासमोर चादर फेकोन उघडावी तैसा कोपराखालून नुसता मनगटाचा झटका दिला, आडवा आणि हलका. शिपाई ढाल वर धरोन उभा होता तो बरगडीत सापडोन कोसळला. अनिलकुमार पडद्याकडे पाहतच राहिले. वीस वर्षे जो झटका पोटासाठी दिला, त्यास आज यंत्राने तलवार म्हटले. बटणाने ऐसे सुख कधी दिले नव्हते, हे त्यांणी मनात कबूल केले, तोंडाने केले नाही.

आणि खानांचे अंगठ्याविना तो झटकाही फुकट होता, कारण कड्याची वाट, किल्ल्यांचा हिशेब, खड्ड्यावरील उडी, हे हाताने होणारे नव्हे. उजवा कान खाजवण्यास खानांचा उजवा हात आता मोकळा होता. पैलवान एकदाही समुद्रात गेला नाही. येणेप्रमाणे किल्ला किल्ल्यामागे पडत गेला, आणि रेघ रेघेवर चढत गेली: मार्गशीर्षात कॅलेंडरचे खालचे काठास लागली, आणि पौषात कॅलेंडरचे खिळ्यास.

मग सिद्धरामेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर असता, रविवारी तिसरे प्रहरी, पैलवान दीपस्तंभाचे माथ्यावर उभा राहिला. शर्त ऐसी की, त्याने वीतभर पट्टीवर तोल राखावा आणि दिवा डोक्यावर उचलोन तीन अंक मोजेपर्यंत धरावा. खाली समुद्र. खान डाव्या अंगठ्याने काडी धरोन श्वास रोधोन बसले. अनिलकुमार यांणी हात उचलिला. छाती मागे पडली, हनुवटी मागे पडली, कान आला. आणि कानापाशी खांदा अडला. पडद्यावर दिवा लवलवे आणि महाद्वार किंचित हालोन पुन्हा मिटे. कपाळी घाम आला.

"चार बोटं ऱ्हायली," सोनालीबाई हलके बोलिल्या.

"आता होत नाही, फऱ्या. सोड. टाक त्याला समुद्रात."

त्याच समयी खानांचे कानास खाज सुटली. भाद्रपदात पैलवानास बुडविणारी ती हीच होती. हात मोकळा होता, आणि तो उठलाही. परंतु कानाकडे गेला नाही. तो अनिलकुमार यांचे कोपराखाली गेला, आणि भरल्या टेंपोचे फळकूट लावतात तैसा हळूहळू, रेटा न देता, वर सरकत गेला. अनिलकुमार यांणी दात आवळिले. एक बोट, दोन बोटे, आणि मग चार. दिवा वर गेला. यंत्रास हात किती जणांचा हे कळले नाही, किंवा कळले आणि त्याने हरकत घेतली नाही. एक, दोन, तीन. आणि चोवीस वर्षांमागे उघडले होते ते महाद्वार पुन्हा उघडले, आणि बेगम यांणी उगीच डोळ्यांत कचरा गेला म्हणोन पदर लाविला. मग खानांनी कान खाजविला, तो बराच वेळ.

अनिलकुमार यांणी भिंतीकडे बोट केले की, आजची रेघ खिळ्याचे वर, दाराचे चौकटीचे माथ्याशी मारावी. सोनालीबाईंनी पेन्सिल कानामागे खोवली.

"त्यो उसना हात हुता. ही रेघ धरणार न्हाय."

आणि रेघ कॅलेंडरचे खिळ्याशीच मारिली. सोमवारी अनिलकुमार यांणी दुकानी वरल्या फळीखालची दुसरी फळी गाठली, आणि वैरागच्या गिऱ्हाइकासमोर डबल चादर एका झटक्यात उघडिली. गिऱ्हाइकाने रंग पसंत नाही म्हणोन ती परत केली, तरी ते दिवसभर खुशीत होते.

फत्ते जाहली, ती दप्तरी दाखल असे. निवाडा ऐसा की, हाताने खेळ बुडत नाही आणि बटणाने तरत नाही. वाट अंगठ्याची, दिवा दंडाचा. आता खर्च कोणी सोसला तो लिहितो. अनिलकुमार यांणी चोवीस वर्षांचे तत्त्व दिले, ते फारसे वापरलेले नव्हते. फरहानखान यांणी एक ट्यूबलाइट, आणि एक खाज ऐन मोक्यास सोसली. सोनालीबाई यांणी पेन्सिल दिली, ती परत घेतली. आणि मलई रंगाचे भिंतीवर विजेचे बटणांपासोन खिळ्यापर्यंत अकरा रेघा पडल्या, आणि शेजारी तेलकट बोटांचे डाग. ईदेपूर्वी रंगारी आला, त्याने ती बाजूही रंगवू का म्हणोन पुसले. झीनतबेगम यांणी भिंतीकडे पाहिले, वर खिळ्यापासोन चौकटीपर्यंत अजून चार बोटे जागा मोकळी होती, आणि त्यास तीन भिंतींचेच काम सांगितले.