आक्काला उचलायचं नाही

आमच्या गावात नवा माणूस राहायला आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवतात, सुभद्राक्काला उचलायला जाऊ नका, चावते.

ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. मागं एका शिबिरात फोटोसाठी एका कार्यकर्त्यानं तिला न विचारताच काखेत हात घालून मंचावर चढवायला घेतलं. पुढच्या क्षणी तो मनगट झटकत मंचाच्या मागं पळाला. आक्का म्हणाली, "मी काय पोतं हाय का? पोत्याला जीभ नसती, मला हाय. आधी इचारायचं."

लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. हातात चपला घालून ती जमिनीवरनं सरकत जाते, आणि लांब जायचं तर हातानं चालवायची तीनचाकी. तिच्या भावाच्या घराला लागूनच माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळं तिच्या शिव्या मला गिरणी चालू असतानाही ऐकू येतात. कुणी 'बिचारी' म्हणालं की ती विचारते, "कावून रे, तुझं काय जळलं?" सरकारनं 'दिव्यांग' हा नवा शब्द काढला तेव्हा म्हणाली, "नाव बदलून दिलं, संडास न्हाई दिला."

उचलण्याचा एवढा राग का, तर भाऊ-भावजय ऊसतोडीला जातात. दसरा सरला की दारात ट्रॅक्टर येतो. ट्रॉलीत भांडी चढतात, सरपण चढतं, शेळ्या चढतात, आणि सगळ्यात शेवटी आक्का. घराला कुलूप. मग गुढीपाडव्यापर्यंत ती कारखान्यावर उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. बाहेर चिखल, त्यामुळं सरकताही येत नाही. भाऊ वाईट नाही, स्वतः उपाशी राहून तिला घालील. पण तुला यायचंय का, हे त्यानं जन्मात विचारलं नाही. जिवंत माणूस सामानात धरायचा आणि त्याला सांभाळणं म्हणायचं, हे ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा आक्काच्या नावानं घरकुल मंजूर झालं. एकच खोली, पण तिच्या अटीवर: पायरी नको, उंबरा नको, संडास खोलीला लागून. आता तरी तिला ट्रॉलीत चढावं लागणार नव्हतं. तर भावानंच हरकत घेतली. म्हणाला, "बहिणीला येगळं काढलं म्हणून गाव तोंडात शेण घालंल माझ्या." आषाढात तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लागली. आक्का गैरहजर राहिली तर घरकुल रद्द.

मी तिच्याबरोबर गेलो. भाऊ आमच्याआधीच येऊन खाली जिन्यापाशी उभा होता. दिव्यांगांची सुनावणी पहिल्या मजल्यावर होती. भिंतीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र, आणि त्याखाली जिन्याकडं बाण. हा बाण रंगवायला सांगणाऱ्याला त्या जिन्यावरनं एकदा बुडावर बसवून वर न्यायला पाहिजे.

शिपाई म्हणाला, "चौघांना बोलवू का? उचलून नेऊ."

आक्कानं नुसते दात दाखवले.

"मग सरकत जा की, मावशी."

जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या होत्या. आक्का म्हणाली, "तुझ्या सायबाला सांग, मी हजर हाय. त्येच गैरहजर हायेत."

वरून निरोप आला, वर या, नाहीतर गैरहजर मांडू. मी शिपायाला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढ्यात एक कुबडीवाला आक्काशेजारी फतकल मारून बसला. मग एक आंधळा म्हातारा, मग आणखी दोघं. वरून कुणाचंही नाव पुकारलं की खालून सगळे मिळून "हजर" म्हणायचे. चार-पाच नावं झाल्यावर साहेब मानेचा घाम पुशीत स्वतःच खाली उतरले. त्यांच्यासाठी तिथंच खुर्ची टाकली. उतरायला त्यांना अर्धा मिनिटही लागला नसेल.

साहेब म्हणाले, "भाऊ सांभाळतोय ना? मग वेगळं घर कशाला? एकटी काय करणार तिथं?"

मला वाटलं, आता हिनं शिवी हासडली. पण तिनं भावाकडं पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "याची लेक वडवणीकडं दिलीया. तिला दिवस गेलेत. पैलं बाळातपण माहेरात करायचं असतंय. पौषात तिचे दिवस भरतेत, आन् तवा माहेराला कुलूप. आई-बाप उसात. पोरीनं कुठं जावं? माझं घर उघडं आसंल."

भाऊ पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत राहिला. मग म्हणाला, "माझी हरकत न्हाई, सायेब." साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि आक्काचा अंगठा उमटवला.

येताना ती तीनचाकी चालवत होती, मी मोटारसायकल तिच्या बाजूनं हळूहळू घेत होतो. वाटभर तिनं कुणाचा उद्धार केला नाही. गावाच्या अलीकडं चढाला ती दम खायला थांबली.

"गिरणीवाल्या," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "डिंकाचे लाडू, शेक, धुरी, समदं तुझ्या बायकोकडनं शिकून घेईन. मला कुनी शिकवलंच न्हाई. माझ्याकडं कोन बाळातीण येणार, म्हणून."

"शिकवंल की ती."

"आन् बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतेत न्हवं?" ती आपल्या मांडीवरचं लुगडं सारखं करत राहिली. "त्येला पाय चालावं लागत न्हाईत ना? नुसते पसरता आले तर भागतंय?"