ज्ञानदेवतात्यांचा अंतराळातील मुक्काम लांबला

आमच्या दैनिकात फोटोखालची ओळ लिहिण्याचं काम गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे. फोटो पाहून ओळ लिहावी असा नियम आहे. प्रत्यक्षात ओळी आधी तयार होतात आणि फोटो मागाहून येतात. त्या मंगळवारी दोन फोटो आले. एकात परदेशी अंतराळवीर होता. दुसऱ्यात अंथुर्ण्याचे ज्ञानदेवतात्या उसावर औषध मारायला निघाले होते : अंगभर पांढरा पोशाख, कपाळावर सरकवलेला मुखवटा, पाठीवर पंप. मागे ऊस होता आणि म्हैसही होती.

ओळींची अदलाबदल झाली. बुधवारी अंतराळवीर 'उसावरील लोकरी मावा किडीचा बंदोबस्त करताना' छापून आला आणि तात्यांच्या खाली आलं : 'यानात बिघाड झाल्याने अंतराळातील मुक्काम तीन महिन्यांनी लांबला.' चूक एवढीच. एकोणीस वर्षांत याहून मोठ्या केल्यात, कुणी हूं की चूं केलं नाही.

दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागला : 'अंतराळात ऊस पिकवणारे पहिले शेतकरी!' तात्यांचा फोटो पासपोर्टएवढा, शुभेच्छुक बावीस. फ्लेक्स बांधायला दोरी कमी पडली, ती खुद्द तात्यांनीच आणून दिली.

गुरुवारी तात्यांची पाण्याची पाळी होती. कालव्याचं पाणी सोडणारे पाटकरी रावजी चारीचं दार उघडेनात.

"आरं, ऊस वाळाय लागलाय. दार उघड की!"

"तात्या, तुमी वर हाय."

"मी तुझ्याम्होरं उभा हाय, रावजी!"

"त्ये दिसतंय मला. पर सायबानं कात्रण फायलीला लावलंय. तीन महिनं तुमी न्हाय. पाळी म्होरल्याला दिली."

पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी तात्यांना बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि पृथ्वीवर वास्तव्य असल्याचा दाखला मागितला. तात्या ग्रामपंचायतीत गेले.

"परत कधी आलात?" लिपिकानं विचारलं.

"मी गेलोच न्हवतो."

"न गेल्याचा दाखला आपल्याकडे निघत नाही. साक्षीदार आणा."

तात्यांनी बायकोला, तुळसाबाईंना आणलं. त्यांनी पेपर हातात घेतला आणि क्षणात म्हणाल्या, "ह्ये आमचं मालक. ह्यो वड्याकडचा ऊस. आन् ही आमची भुरी म्हस."

"खाली काय लिहिलंय?"

"मला वाचाया येत न्हाय, दादा."

लिपिकानं शेरा मारला : 'साक्षीदार निरक्षर असल्याने छापील मजकुरास आव्हान देण्यास अपात्र.'

मग तात्या माझ्याकडे आले. "सायेब, जय भीम. दोन एकर ऊस हाय. सोमवारी पाण्याचं आवर्तन संपतंय, मंग कालवा बंद. तेवढं एक वाक्य छापा, मी हितंच हाय म्हणून." माणूस अक्षरशः काकुळतीला आला होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मी दुरुस्ती लिहून संपादकांपुढे ठेवली. ते म्हणाले, "आपलं दैनिक चुकत नसतं." दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आलं : 'आमच्या बातमीचा दणका! ज्ञानदेव सुखरूप पृथ्वीवर!'

दणका खरंच बसला. साहेबांनी तातडीनं पाणी मंजूर केलं : सोमवार, सकाळी अकरा. गावानंही तातडीनं सत्कार ठेवला : सोमवार, सकाळी अकरा. चारीच्या दाराची किल्ली रावजींच्या खिशात आणि रावजी पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारी. तात्या तीनदा उठले, तीनदा त्यांना शाल घालून बसवलं. अकरा भाषणं झाली. शेवटी निवेदकानं माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"तात्या, कसं हाय अंतराळ?"

"पाणी न्हाय तितं," तात्या म्हणाले. टाळ्या थांबेनात.

कार्यक्रम दोन वाजता संपला. आवर्तन एकलाच संपलं होतं. तात्या शाल घेऊन बांधावर गेले आणि पिवळ्या पडलेल्या उसात उभे राहून डोळे पुसू लागले. आमच्या फोटोग्राफरनं नेमका तो क्षण टिपला. ओळ माझ्याकडे तयारच होती : 'मायदेशी परतल्यावर आनंदाश्रू आवरताना ज्ञानदेव.'

अंक मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिला. तुळसाबाई फोटोकडे बघतच राहिल्या. "वाळल्या उसापायी रडत्यात वो आमचं मालक," म्हणाल्या, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्यांना वाचता येत नाही. तुम्हाला येतं, म्हणून सांगतो : ते आनंदाश्रूच आहेत.