सव्वीस तास दहा मिनिटं

"सव्वीस तास दहा मिनिटं कसे होतील?" धाकट्या बाईंनी विचारलं.

"तेच संगणक विचारतोय," हेडक्लार्क म्हणाले. "सकाळपासून अडून बसलाय. चोवीसच्या वर आकडा गेला की तो पुढे सरकतच नाही."

सांख्यिकी कार्यालयात दोन बाई होत्या, म्हणजे दोन महत्त्वाच्या बाई. संचालकपदावर पोचलेली पहिली स्त्री म्हणजे थोरल्या बाई. त्या कमी बोलत, आणि त्या बोलल्या की विषय संपलेला असे. धाकट्या बाई उपसंचालक. तेरा वर्षांपूर्वी अर्थशास्त्राची पदवी आणि एक छत्री घेऊन त्या घरोघर फिरणाऱ्या गणक म्हणून लागल्या होत्या, आणि परीक्षा देत देत या टेबलापर्यंत आल्या होत्या. सध्याची पाहणी त्यांचीच. लोक दिवसाच्या चोवीस तासांत काय काय करतात, हे सहाशे घरांत जाऊन विचारायचं आणि लिहून आणायचं.

वरवर पाहता रिकामटेकडा उद्योग वाटे, पण त्यावर बरंच काही अडकलेलं होतं. वस्त्यांमध्ये पाळणाघरं काढायचा धाकट्या बाईंचा प्रस्ताव अर्थखात्यानं तीनदा परत पाठवला होता. शेरा तिन्ही वेळा तोच: 'घरातील महिला मुलांकडे दिवसाकाठी सरासरी चाळीस मिनिटेच पाहतात. मागणी सिद्ध होत नाही.' ही चाळीस मिनिटं कुठल्या तरी जुन्या पाहणीतून आली होती. ती खोटी आहेत हे धाकट्या बाईंना आईपणामुळे ठाऊक होतं, पण अर्थखातं आईपण पुरावा म्हणून घेत नाही. म्हणून दोन वर्षं भांडून त्यांनी ही नवी पाहणी मंजूर करून घेतली होती. सोमवारी समितीपुढे तिचा निकाल लागायचा होता, आणि आज मंगळवार होता.

"फॉर्म दाखवा," त्या म्हणाल्या.

हेडक्लार्कनी फॉर्म पुढे केला. फॉर्मवर नाव नसे, फक्त घराचा क्रमांक आणि माणसांची नाती. स्त्री, वय अडुसष्ट. झोप सहा तास. स्वयंपाक पाच तास. नातीला सांभाळणे सहा तास चाळीस मिनिटं. यजमानांच्या वस्तू शोधून देणे, एक तास वीस मिनिटं. यादी मागच्या पानावर जाऊन समासातही शिरली होती. खाली यजमानांची नोंद होती. घरकाम दोन तास, तपशील: देखरेख.

धाकट्या बाईंना हसू आलं. तिसरी नोंद वाचताना ते गेलं. 'सून. ऑफिस अकरा तास. घरी मोबाइल दोन तास. आले आले म्हणणे, पंधरा मिनिटं.' मुलगा जहाजावर असल्यामुळे नोंदीत नव्हता. तो सुटला होता.

त्यांनी घराचा क्रमांक पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"ओळखीचं घर आहे का?" हेडक्लार्कनी विचारलं.

"माझंच आहे," धाकट्या बाई म्हणाल्या.

घरं संगणकानं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. कार्यालयातल्या कुणाचंही घर आलं तरी वगळायचं नाही, असा नियम होता आणि तो धाकट्या बाईंनीच केला होता. गणक मुलगी नवी, नुकतीच लागलेली; हे तिचं पहिलंच घर. ती दुपारी गेली, सासूबाईंनी सांगितलं, तिनं लिहिलं.

हेडक्लार्कनी आवाज खाली आणला. "मॅडम, दोन तास दहा मिनिटं इथनं तिथनं काढून टाकतो. पेन्सिलीनं. कुणाला पत्ता लागणार नाही."

धाकट्या बाईंच्या मनात तो विचार येऊन गेला नव्हता असं नाही. पण गणकांना शिकवताना त्या पहिल्याच दिवशी सांगत की आकडा खटकला तर घरी जाऊन पुन्हा विचारायचं, खोडायचं नाही. शिवाय हेडक्लार्क पुढे म्हणाले, "अर्थात, चुकांची यादी संगणक रोज आपोआप समितीला पाठवतो. ती गेली असेल." हा आपोआपपणाही धाकट्या बाईंनीच आणला होता, पारदर्शकतेसाठी.

ती गेलीच होती. तासाभरात अर्थखात्याच्या सल्लागारांचा फोन आला. हे गृहस्थ पाहणीच्या पहिल्यापासून विरोधात होते. "अभिनंदन," ते म्हणाले. "तुमच्या कार्यालयानं दिवस लांबवलाय म्हणे. सोमवारी बोलूच."

धाकट्या बाई फॉर्म घेऊन थोरल्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. घर आपलं असल्यामुळे फेरतपासणी आपल्याला करता येणार नाही, हेही सांगितलं.

थोरल्या बाईंनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला. "सासूबाई उठतात किती वाजता?"

"साडेपाचला."

"मी सव्वापाचला येते," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

घरी ही बातमी सांगितल्यावर सासूबाईंनी आधी ओटा दोनदा पुसला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं सांगितलं, असं तुमच्या साहेबांचं म्हणणं आहे."

"तसं नाही हो आई. फक्त ते चोवीसच्या वर गेलंय."

"गेलं तर गेलं. मी काय मुद्दाम नेलं? त्या पोरीनं विचारलं, कशाला किती वेळ लागतो. मी सांगितलं. बेरीज करायची हे कुठे म्हणाली ती?"

सासरे पेपरमागून म्हणाले, "माझी नोंद बरोबर आहे ना?"

"तुमची अगदी बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "देखरेख चालूच आहे."

बुधवारी सव्वापाचला थोरल्या बाई आल्या, गळ्यात स्टॉपवॉच आणि हातात नवीकोरी वही. स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथे नाहीच असं समजा."

हे सासूबाईंना लगेच जमलं. सासऱ्यांना जमलं नाही. एरवी सात वाजता उठणारे सासरे इस्त्रीचा शर्ट घालून साडेपाचला हजर झाले आणि आपण कांदा चिरणार असल्याचं त्यांनी जाहीर केलं. मग त्यांनी पहिल्या खणात चाकू शोधला. दुसऱ्या खणात शोधला. फ्रिजमध्येही पाहिलं. थोरल्या बाईंनी वहीत लिहिलं: 'यजमान. चाकू शोधणे, अकरा मिनिटं.' खाली लिहिलं: 'चाकू मिळाला. कांदे शोधणे सुरू.'

तेवढ्या वेळात सासूबाईंनी कुकर लावला होता, नातीला उठवलं होतं आणि कपड्यांचं मशीन सुरू केलं होतं. नात दारात बसून सातचा पाढा म्हणत होती. सासूबाई भाजी चिरत होत्या, पाठ तिच्याकडे.

"सात सक..." नात अडखळली.

"बेचाळीस. दात घासलेस का? ब्रश कोरडा दिसतोय मला."

ब्रश न्हाणीघरात होता आणि न्हाणीघर भिंतीपलीकडे. थोरल्या बाईंनी उठून, तिकडे डोकावून खात्री केली. ब्रश कोरडा होता.

"अहो, तुमचा चष्मा शर्टाच्या खिशात आहे," सासूबाई मशीनचं झाकण उघडत म्हणाल्या. सासऱ्यांनी अजून चष्मा विचारलाही नव्हता.

थोरल्या बाईंचं पेन पळत होतं. स्वयंपाक, स्वयंपाक आणि पाढे, स्वयंपाक आणि पाढे आणि मशीन. मध्येच धाकट्या बाई केस विंचरत आल्या आणि काही मदत करू का म्हणाल्या, तर "तू लांब राहा, तुझी पाहणी आहे," असं सांगून सासूबाईंनी त्यांना बाहेर घालवलं. मग त्या स्वतः वळून थोरल्या बाईंना म्हणाल्या, "बाई, मी नातीची वेणी घालून येते. जरा दुधाकडे बघता का? तुमचं लिहिणं चालू द्या. नुसतं लक्ष ठेवायचंय."

"हो," थोरल्या बाई म्हणाल्या.

एकवीस वर्षं त्यांनी आकड्यांवर लक्ष ठेवलं होतं. मंत्र्यांच्या भाषणातली दशांश चिन्हाची चूक त्यांनी भर सभेत पकडली होती. त्यांनी दुधाकडे पाहिलं, दूध शांत होतं. त्यांनी वहीत लिहिलं: 'सहा चाळीस. वेणी. सोबत...' सोबत काय, हे आठवायला त्यांनी क्षणभर डोळे मिटले.

दूध त्याच क्षणाची वाट पाहत होतं. ते भांड्यातून वर आलं, शेगडीवरून ओट्यावर उतरलं आणि ओट्यावरून थेट सरकारी वहीवर आलं. थोरल्या बाई उठल्या, गॅसकडे हात नेताना कोपरानं स्टॉपवॉच बंद पडलं, आणि कांद्यामुळे डोळ्यांना धार लागलेले सासरे "काय झालं, काय झालं" करत त्यांच्यावरच आदळले.

सासूबाई दारात आल्या. एका हातात नातीची अर्धी वेणी होती, नात वेणीमागून ओढत आलेली. त्यांनी मोकळ्या हातानं गॅस बंद केला, त्याच हातानं फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "राहू दे हो बाई. होतं असं. तुम्हाला सवय नाही."

थोरल्या बाईंना असं कुणी आजवर म्हणालं नव्हतं. त्या ओली वही झटकत स्टुलावर बसल्या. नऊ वाजता त्यांनी बेरीज केली. घड्याळ साडेतीन तास पुढे गेलं होतं, वहीतल्या कामांची बेरीज सहा तास पाच मिनिटं होती. त्यांनी पुन्हा बेरीज केली. मग बाहेर येऊन धाकट्या बाईंना म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. फॉर्म चुकलाय."

"म्हणजे?"

"आपण एका वेळी एकच काम लिहायला जागा ठेवली. मला एकच जमतं, म्हणून मला ते खटकलं नाही. दुपारी सगळ्या गणकांना बोलवा."

दुपारी गणक जमले. थोरल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "बाकी पाचशे नव्याण्णव घरांत बेरीज बरोबर चोवीस कशी आली?"

गणक एकमेकांकडे पाहू लागले. मग एक जुनी गणक म्हणाली, "मॅडम, बसवून टाकतो आम्ही. दोन कामं एकदम सांगितली की एक सोडून देतो."

"कुठलं सोडता?"

"मुलाकडे बघणं. ते काय, ती असतेच ना तिथे."

धाकट्या बाईंनी टेबलाची कड धरली. तीनदा परत आलेला प्रस्ताव, दोन वर्षांची भांडणं, सगळं या 'असतेच ना तिथे'मध्ये होतं. नवी मुलगी मागच्या रांगेतून हळूच म्हणाली, "मला बसवायचं असतं हे माहीत नव्हतं."

"बरं झालं," थोरल्या बाई म्हणाल्या.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. साठ घरांत गणक पुन्हा गेले, या वेळी फॉर्मवर दुसरा रकाना हातानं आखून: 'त्याच वेळी आणखी काय करत होतात?' रविवारी धाकट्या बाईंनी आकडे मांडले, तपासले, आणि मग खिडकी उघडून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

सोमवारी समितीत सल्लागारांनी सुरुवात केली. त्यांनी फॉर्मची प्रत सगळ्यांना वाटली. "या कार्यालयात दिवस सव्वीस तासांचा असतो," ते म्हणाले. "आणि माझ्या माहितीप्रमाणे हे घर दुसऱ्या कुणाचं नाही, खुद्द उपसंचालकांचं आहे." सभागृह हसलं. अर्थसचिवही हसले. त्यांच्यापुढे फायलींचा ढीग होता, ते एकेक उघडून सही करत होते.

धाकट्या बाई उभ्या राहिल्या. "घर माझं आहे. आकडा माझ्या सासूबाईंचा आहे. आणि तो बरोबर आहे."

"बाई, दिवस चोवीस तासांचा असतो," सचिव सही करत म्हणाले. "बोला तुम्ही, मी ऐकतोय."

"साहेब, एक विचारू? आत्ता आपण सही करताय की माझं ऐकताय?"

पेन थांबलं. "दोन्ही," सचिव म्हणाले.

"यातलं एकच लिहायला जागा आहे. कुठलं लिहू?"

सचिवांनी फायलीकडे पाहिलं, मग धाकट्या बाईंकडे. "एक लिहिलंत तर मी अर्धा वेळ रिकामा बसलो होतो असं दिसेल."

"बायकांचं तसंच दिसतंय, साहेब. आपल्या चाळीस मिनिटांच्या शेऱ्यात." धाकट्या बाईंनी साठ घरांचा तक्ता पुढे ठेवला. "दुसरा रकाना धरला की मुलांकडे बघण्याचा वेळ चार तास पन्नास मिनिटं होतो. हातात दुसरं काम असताना, रोज. यातल्या निम्म्या बायका म्हणाल्या, मुलाला ठेवायला जागा मिळाली तर त्या उद्या कामाला लागतील. त्यांची घरंही तक्त्यात आहेत. कुणीही जाऊन विचारावं."

सल्लागार म्हणाले, "पण साठच घरं."

"म्हणून तर सहाशेही दुसऱ्या रकान्यासह पुन्हा करायची आहेत," थोरल्या बाई म्हणाल्या. त्या सभेतलं त्यांचं हे एकमेव वाक्य. विषय संपला.

सचिवांनी फायलींचा ढीग बाजूला सारला, जुन्या शेऱ्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं: 'मागणी सिद्ध होते. पहिली चाळीस पाळणाघरे याच वर्षी.' लिहिताना ते दुसरं काहीच करत नव्हते, हे सगळ्यांनी पाहिलं.

महिन्याभरानं गणकांचं नवं प्रशिक्षण ठेवलं, तेव्हा थोरल्या बाईंनी व्याख्यात्याला बोलावणं पाठवलं, रीतसर, कार्यालयाच्या कागदावर. सासूबाईंनी ते तीनदा वाचलं आणि 'मला काय बोलता येतंय' असं म्हणत नवी साडी काढली. सभागृहात साठ गणक वह्या उघडून बसले होते. माइक कुठे धरायचा हे कुणी सांगायच्या आत सासूबाईंनी तो बाजूला ठेवला.

नव्या मुलीनं हात वर केला. "आजी, पुष्कळ घरांत बायका म्हणतात, मी काहीच करत नाही, घरीच असते. मग काय लिहायचं?"

सासूबाईंनी फार विचार केला नाही.

"काही लिहू नका. नुसतं समोर बसा. पाच मिनिटांत ती उठेल. कशासाठी उठली, ते लिहा. मग परत बसेल, परत उठेल. तुमचं पान भरेपर्यंत हलू नका तिथनं."

साठ पेनं चालू लागली. शेवटच्या रांगेत थोरल्या बाईही वहीत लिहीत होत्या, आणि शेजारी बसलेल्या धाकट्या बाई पर्समध्ये पेन शोधत होत्या.